मी बॉयलर रूममध्ये होतो

9 डिसेंबर 1971, भारत-पाक युद्ध. रात्री नऊला दहा मिनिटं कमी असताना दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडवली. दोनेक मिनिटांत जहाज गेलं. 18 अधिकारी, 176 नौसैनिक मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. इथपर्यंत वाद नाही. पुढे मात्र जितकी तोंडं तितक्या हकिगती. वाचलेल्यांपैकी कुणी दोन स्फोट सांगतं, कुणी तीन. हंगोरच्या कप्तानाच्या सांगण्याप्रमाणे खुकरीला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून सोडलेलं स्फोटक अस्त्र, एकच लागला, तोही दारूगोळ्याच्या कोठाराखाली. सोबतच्या ‘कृपाण’लाही इजा केल्याचा पाकिस्तानचा दावा होता, पण कृपाण धड परतली आणि 1978मध्ये तटरक्षक दलात गेली.

मी बडोद्यात इतिहास शिकवते आणि इथल्या मराठी माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करते. दांडिया बाजारात राहणारे एक काका त्या रात्री कृपाणवर होते असं कळलं, तेव्हा मी लगेच वेळ मागून घेतली.

काका छान बोलत होते. सांगता सांगता ताठ बसले आणि म्हणाले, “खुकरी कलली ना, तेव्हा मुल्लासाहेब ब्रिजवर उभे होते. चंद्रप्रकाशात लख्ख दिसले. आमच्याकडे बघून सॅल्यूट केला त्यांनी.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला पुढचा प्रश्न सुचेना. कारण जाण्याआधी मी तिथी काढून ठेवली होती. त्या वर्षी मार्गशीर्षातली पौर्णिमा 2 डिसेंबरला संपली. 9 तारखेची रात्र म्हणजे वद्य अष्टमी. चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या सुमारास. नऊच्या आत चंद्रप्रकाश असणं शक्यच नव्हतं. त्यात युद्धकाळ, दोन्ही जहाजांचे दिवे बंद. खुद्द हंगोरनेही हल्ला केला तो आवाजाच्या मागावर, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेच्या भरवशावर.

पण म्हणून काका खोटं बोलत होते असं मला क्षणभरही वाटलं नाही. त्याच युद्धात, 4 डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ आपल्या क्षेपणास्त्र बोटीने ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवर मारा केला, तेव्हा खैबरवरून संदेश गेला तो शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचा. आकाशातून झेपावणारा उजेड त्यांनी खरोखरच पाहिला होता. विमान ही त्यांनी त्यावर जोडलेली समजूत. साक्ष तपासताना हा जोड उसवावा लागतो, आणि तो माणसाला न दुखवता उसवायचा तर हकिगतीबद्दल न विचारता जागेबद्दल विचारावं.

मी विचारलं, “काका, तुमची ड्यूटी कुठे होती तेव्हा?”

“बॉयलर रूममध्ये. मी स्टोकर, बॉयलर सांभाळणारा.”

“म्हणजे खाली?”

“खालीच की. वर जायला कोण देतंय?”

ते थांबले. मीही काही बोलले नाही. मग त्यांनी उजवा तळवा समोरच्या टीपॉयवर सपाट ठेवला. “इथे बसला धक्का,” म्हणाले. “पायांतून वर आला आधी, आवाज नंतर. जहाजाच्या पोटावर कुणी घण घालावा तसा. आणि मग दुसरा, त्याहून मोठा. मध्ये एक श्वास घेण्याइतका वेळ. आम्हाला वाटलं आम्हालाच लागला. गेजकडे बघतोय, प्रेशर पडत नाहीये. तेवढ्यात वरून फुल अहेडची, पूर्ण वेगाने पुढे जायची, ऑर्डर आली.”

चंद्राच्या गोष्टीत हात हलला नव्हता. आता आवाज बारीक झाला होता, आणि शब्द स्टोकरचे होते. मला हवी होती ती साक्ष ही. दोन धक्के, दुसरा मोठा. याचा अर्थ दोन टॉर्पेडो असाच होत नाही. पहिला टॉर्पेडोचा आणि दुसरा कोठाराचा असू शकतो. तसं असेल तर वाचलेल्यांचे दोन स्फोट आणि हंगोरचा एक टॉर्पेडो, दोन्ही एकाच वेळी खरे ठरतात. एका माणसाच्या आठवणीवर निकाल देता येणार नाही, पण तपासायला ही ठाम जागा आहे.

सॅल्यूटचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं.

“फुल अहेड म्हणजे आम्ही निघालो. पाणबुडी तिथेच होती, थांबलो असतो तर आम्हीही गेलो असतो. मान्य आहे. पण पाण्यात पोरं होती गं. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ जहाजाबरोबर परत गेलो तेव्हा 67 जण जिवंत मिळाले.” पुढे म्हणाले, “सॅल्यूटचं मला अश्विनीत कळलं. मुंबईला, नेव्हीच्या हॉस्पिटलात. खुकरीवरचा मित्र होता, त्याने सांगितलं.”

“त्याने स्वतः पाहिलं होतं?”

“ते नाही विचारलं मी. त्याला काय विचारणार तेव्हा?”

पुढच्या आठवड्यात टंकलिखित मजकूर घेऊन गेले. पानावर दोन भाग केले होते, स्वतः अनुभवलेलं आणि इतरांकडून ऐकलेलं. काकांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, चंद्रावर स्वतःच्या हाताने काट मारली. सॅल्यूट मात्र ठेवायचा, म्हणाले. मी तो दुसऱ्या भागात, ‘अश्विनी रुग्णालयात मित्राकडून ऐकलं’ असं लिहून ठेवला, आणि त्यांनी खाली सही केली.