डिप्लॉयमेंटचं पान नव्याने लिहिताना

आमचं छोटंसं ओपन सोर्स जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) ॲप आहे, वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं. त्याच्या डॉक्युमेंटेशनमधलं डिप्लॉयमेंटचं, म्हणजे ॲप सर्व्हरवर कसं चढवायचं ते सांगणारं, पान माझ्या गळ्यात पडलं, कारण लोक सारखे विचारायचे की फ्री प्लॅन कुठे दिसत नाहीये. दिसणार कुठून, हेरोकू या होस्टिंग कंपनीने फुकटचे डायनो (ॲप चालवणारे त्यांचे कंटेनर) २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केले आणि आमच्या पानावर अजून 'फ्री प्लॅन निवडा', तेही स्क्रीनशॉटसकट.

दुसऱ्या कुठल्या फुकट सर्व्हिसचं नाव टाक आणि मोकळा हो, असं टीममधले म्हणत होते. मला ते पटेना, वर्षभराने परत तेच रडगाणं. म्हणून आधी ॲपला काय काय लागतं तेवढंच लिहून काढलं: पोस्टग्रेस (डेटाबेस), गनिकॉर्न (ॲप चालवणारा सर्व्हर), सीक्रेट की आणि डेटाबेसचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून), पोर्ट होस्ट देईल तो, आणि कंटेनरमध्ये चालवणार असाल तर ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर, बाइंड करा, नाहीतर आत ॲप मस्त चालू आणि बाहेरून काहीच उघडत नाही.

मग कोऱ्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) फक्त आमचंच पान वाचत सगळं चढवून बघितलं, तर ॲडमिन उघडलं पण सीएसएस, म्हणजे पानाची सजावट, गायब! कलेक्टस्टॅटिकचा (सीएसएससारख्या फाइली एका जागी गोळा करणाऱ्या जँगोच्या कमांडचा) उल्लेखच नव्हता, कारण हेरोकूचा पायथॉन बिल्डपॅक (ॲप चढवताना तयारी करणाऱ्या स्क्रिप्ट) ते स्वतःच चालवतो, त्यामुळे लिहायची गरज कुणाला पडलीच नव्हती. कंपनीचं नाव पुसलं की पान न्यूट्रल होत नाही, असली गृहीतकं आतमध्ये दडून बसलेली असतात. डिस्कचंही तेच. बऱ्याच प्लॅटफॉर्मवर रीस्टार्ट झालं की लोकल फाइली उडतात, म्हणजे अपलोड केलेली मुखपृष्ठं गेली, एसक्यूलाइट (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) वापरत असाल तर अख्खा डेटाबेस गेला. हे आता ठळक अक्षरात आहे.

कंपन्यांची नावं वेगळ्या पानावर, अकारविल्हे, लिंक त्यांच्याच डॉक्सची, किमती अजिबात नाहीत, आणि शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख. लगेच एका होस्टिंगवाल्यांचा पीआर (पानात बदल करायचा प्रस्ताव) आला, त्यांचं बटण सगळ्यात वर आणि लिंकमध्ये रेफरल कोड (काय पण हुशारी). कोड काढा, तुमच्या अक्षराच्या जागी या, एवढंच लिहिलं. काढला त्यांनी, मर्ज केलं.

सीपॅनलवाल्या (वेबवरून होस्टिंग सांभाळायचं पॅनल) शेअर्ड होस्टिंगचं तेवढं राहिलंय, पायथॉन ॲप बऱ्याच ठिकाणी चढतं पण पोस्टग्रेस मिळेलच असं नाही, म्हणून तिथे सध्या 'पोस्टग्रेस आहे का ते आधी विचारा' एवढीच ओळ आहे.