पाठपिशवीची नोंद चौथी: वजन पाठीला लागले, शिवण मात्र उसवली

कॅमेरा आणि लेन्स डोंगरात नेण्याच्या माझ्या पाठपिशवीच्या गेल्या नोंदीत लोड लिफ्टरचे, म्हणजे खांद्याच्या पट्ट्यांना वरून पिशवीकडे ओढून धरणारे, पट्टे बदलल्याचे लिहिले होते आणि तरीही पिशवी मागे ओढते, ही तक्रार कायम होती. गेल्या रविवारी वेताळवाडी गावातून किल्ला चढून, जंजाळा दरवाजापर्यंत सगळी फेरी मारून चार तासांनी खाली आलो, तेव्हा पहिल्यांदाच खांद्यावर वळ नव्हते.

दोष इतके दिवस मी खांद्याच्या पट्ट्यांत शोधत होतो आणि तो होता पाण्यात. सुतोंडा किल्ल्याहून परतल्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यावर घामाचा डाग फक्त मधोमध, तळहाताएवढा उमटलेला दिसला; त्याच्या दोन्ही बाजू आणि कंबरेकडचा भाग कोरडाच होता. याचा अर्थ पिशवी पाठीला एकाच जागी टेकत होती. तीन लिटरचे ब्लॅडर (नळीने पाणी प्यायची मऊ पिशवी) भरून पाठीकडच्या कप्प्यात सरकवले आणि पाठीच्या बाजूवरून हात फिरवला, तेव्हा ती बाजू माठासारखी फुगलेली लागली. त्या फुगवट्यामुळे क्यूब, म्हणजे कॅमेऱ्याचे सामान ठेवायचा गादीदार डबा, आणि त्यातली २००-५०० मिमीची लेन्स पाठीपासून जवळजवळ चार बोटे लांब जात होती. ही लेन्स कॉलरसह (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासह) २३०० ग्रॅम भरते, आणि एवढे वजन पाठीपासून जितके दूर जाईल तितके ते माणसाला मागे खेचते. मग तोल सांभाळण्यासाठी आपण नकळत पुढे वाकतो आणि सगळा ताण मानेवर येतो.

म्हणून ब्लॅडर पूर्णपणे बाद केले आणि क्यूब थेट पाठीला भिडवला. त्यातून दुसरी अडचण निघाली, कारण क्यूब तळाशी बसू लागला आणि लेन्सचे वजन कंबरेखाली लोंबू लागले. जुन्या योगा मॅटचे तुकडे एकावर एक चिकटवून आठ सेंटिमीटरचा ठोकळा केला आणि तो क्यूबखाली ठेवला, तेव्हा लेन्स खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये आली. पाठीची लांबीही पुन्हा मोजून घेतली. मान खाली घातल्यावर हाताला लागणाऱ्या ठळक मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत ती ४४ सेंटिमीटर भरली, आणि पिशवी मात्र ५०वर लावलेली होती. हिप बेल्ट, म्हणजे कमरेचा पट्टा, हाडावर न बसता सारखा खाली का घसरत होता, याचे उत्तर तिथेच मिळाले. ज्यांनी अजून मोजले नसेल त्यांनी पट्टे विकत घेण्याआधी घरच्या कुणाकडून एवढे माप घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डी७५०० कॅमेरा आणि १०-२० मिमीची लेन्स आता डाव्या पट्ट्यावरच्या क्लिपला असते. पुढे आलेले हे किलोभर वजन मागच्या ओढीला थोडा उतारा देते. केवळ कॅमेऱ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: कप्पे सुरेख असतात, पण ज्याच्यावर सगळा भार यायचा तो हिप बेल्ट बहुतेकांत पातळ पट्टीएवढाच असतो. साधी ट्रेकिंगची पिशवी आणि वेगळा क्यूब हीच जोडी डोंगरात खरी उपयोगी पडते.

उतरताना मात्र डाव्या लोड लिफ्टरची शिवण उसवली. गाड्यांची सीट कव्हरे शिवणाऱ्या कारागिराकडून ती करून घेतली होती; टाके सरळ आणि सुबक होते, पण दोरा सुती होता आणि घामाने कुजून त्याची टोके कापसासारखी पिंजली होती. या वेळी मेण लावलेला नायलॉनचा दोरा मी स्वतः नेऊन देणार आहे आणि पट्ट्याच्या टोकाला चौकोन व त्यात फुली अशी शिवण घालायला सांगणार आहे.

पुढचे काम ट्रायपॉडचे होते. तो १६०० ग्रॅमचा असून उजव्या खिशात असतो आणि डावीकडे दोन लिटर पाणी असते, त्यामुळे पाणी संपत जाईल तशी पिशवी उजवीकडे कलते. ट्रायपॉड मागे मधोमध बांधायचे ठरवले होते, पण हे लिहितानाच लक्षात आले की त्याने वजन पुन्हा पाठीपासून दूर जाईल. त्याऐवजी बॉल हेड, म्हणजे ट्रायपॉडचे कॅमेरा बसवायचे डोके, काढून क्यूबमध्ये ठेवायचे, म्हणजे बाहेर नुसते पाय उरतील, आणि तिसऱ्या लिटरची बाटली वरच्या तोंडाशी, पाठीला लागून ठेवून डावीकडची बाटली तिच्यातून भरत राहायचे, असा बेत आता केला आहे. शिवण पक्की झाली की हीच मांडणी घेऊन अंतूर किल्ल्यावर जाईन.