वॉशिंग्टनच्या फुकट म्युझियमला आम्ही १५६ डॉलर मोजले, तुम्ही मोजू नका

पुढचं नाही वाचलंत तरी चालेल पण एवढं वाचा. वॉशिंग्टनमधलं अमेरिकन हिस्ट्री म्युझियम आणि पोर्ट्रेट गॅलरी, दोन्ही स्मिथसोनियन या सरकारी म्युझियम-संस्थेची, दोन्ही फुकट. तिकीट नाही, पास नाही, ऑनलाइन बुकिंग नाही. दारातून सरळ आत जायचं. मी न्यू जर्सीत नऊ वर्षं राहते आणि तरीही माणशी ३९ डॉलरप्रमाणे चौघांचे १५६ भरले, का, तर एका टूर साइटवर "मूळ ऐतिहासिक वस्तू, दुर्मिळ फोटो, प्रायॉरिटी एन्ट्री, गाइडसह" असं लिहिलं होतं आणि आई-बाबा भारतातून आलेले, बाबांचा गुडघा दुखरा, म्हटलं रांगेत उभं राहायला नको.

झालं काय ते ऐका. साइटने बोलावलं सकाळी दहा वाजता पोर्ट्रेट गॅलरीच्या पायऱ्यांपाशी. ही गॅलरी उघडते साडेअकराला! रोज. तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर लिहिलंय, ते मी बघितलं नाही हा माझा गाढवपणा, पण जो माणूस याचे पैसे घेतो त्याने तरी बघावं की नाही? ऑगस्टचा महिना, सकाळी दहालाच मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक, बाबा पायरीवर रुमाल टाकून बसलेले आणि गाइड पोरगा आम्हाला रस्त्यावरच्या इमारती दाखवतोय. साडेअकराला दार उघडलं तेव्हा प्रायॉरिटी एन्ट्री म्हणजे सगळ्यांची जी बॅग तपासायची रांग तीच. गाइडचं माझ्याशी काही भांडण नाही, गोड होता बिचारा, पण पन्नास मिनिटं फिरवून "माझी वेळ संपली" म्हणून निघून गेला, हिस्ट्री म्युझियममध्ये आलाच नाही.

आणि ज्या फोटोसाठी बाबा आले होते तो तिथं नव्हता. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा तो तडा गेलेला फोटो, अलेक्झांडर गार्डनरने ५ फेब्रुवारी १८६५ ला काढलेला. काचेची निगेटिव्ह तडकली, एकच प्रिंट निघाली, तडा बरोबर लिंकनच्या डोक्यावरून गेलाय, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत त्याला गोळी घातली. टूरच्या जाहिरातीत सगळ्यात वर हाच फोटो. काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कागदी प्रिंट आहे, उजेडाने खराब होते, कायम लावून ठेवत नाहीत. म्हणजे तुम्ही खास एखाद्या वस्तूसाठी जाणार असाल तर म्युझियमच्या वेबसाइटवर त्या वस्तूचं पान उघडा, ती सध्या मांडलेली आहे की नाही ते तिथं दिलेलं असतं. कलेक्शनमध्ये आहे याचा अर्थ भिंतीवर आहे असा नाही, निम्म्याहून कितीतरी जास्त माल गोडाऊनमध्येच असतो. बाबा काही बोलले नाहीत. नंतर वरच्या मजल्यावर कळलं की याच इमारतीत, फोटो काढल्यावर महिनाभराने, लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीची मेजवानी आणि नाच झाला होता. "चला, माणूस नाही तर निदान त्याचा हॉल तरी बघितला" म्हणाले. लिंकनच्या काळातल्या यादवी युद्धात इथंच जखमी सैनिकांच्या खाटा होत्या आणि त्याआधीपासून पेटंट ऑफिस. इमारत छान आहे, आतला काच लावलेला चौक थंडगार आहे, पण तोवर माझं डोकं इतकं तापलेलं की मला सांगण्यासारखं काही आठवत नाही.

आता दुसरी चूक. तिथून हिस्ट्री म्युझियम मॅपवर जवळ दिसतं, जवळजवळ मैलभर आहे, आम्ही म्हटलं चालू. नका चालू!! उन्हाळ्यात नाहीच, सावली येते-जाते, सिग्नल प्रत्येक कोपऱ्यावर, आणि मध्येच एका फूड ट्रकवर दोन हॉट डॉग, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक सरबत यांचे ४१ डॉलर झाले. भाव कुठं लिहिलेला नव्हता, आम्ही आधी विचारला नाही. आधी विचारा, आकडा ऐका, मग हात पुढे करा. खरं तर मेट्रोने दोन स्टेशनं आहेत, गॅलरी प्लेसहून रेड लाइनने मेट्रो सेंटर, तिथं ब्लू, ऑरेंज किंवा सिल्व्हर काहीही पकडून फेडरल ट्रँगल, मग पाच-सात मिनिटं पायी. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. वयस्कर कोणी असेल तर एस्कलेटरच्या नादी लागू नका, लिफ्ट शोधा.

आता हिस्ट्री म्युझियम. दहा ते साडेपाच. आम्ही पोचलो दीडला, तुम्ही दहाला जा आणि सरळ झेंडा बघायला जा. हा झेंडा म्हणजे ज्यावरून अमेरिकेचं राष्ट्रगीत आलं तो, १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर इंग्रजांनी पंचवीसेक तास तोफा डागल्या त्यानंतर सकाळी फडकलेला. मला वाटलं होतं भिंतीवर टांगलेला असेल, सगळे सेल्फी काढत असतील. तसलं काही नाही. अंधारी खोली, काच, काचेपलीकडे जरासा तिरका केलेला प्रचंड मोठा टेबल आणि त्यावर आजारी माणसासारखा निजवलेला झेंडा. फोटोला सक्त मनाई. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं जातात, बरेच लोक त्याआधीच बाहेर पडतात, तसं करू नका.

आई म्हणाली, "अगं हा झेंडा आहे का सतरंजी?" तीस फूट बाय चौतीस फूट. आमचं डोंबिवलीचं अख्खं घर त्यात गुंडाळता येईल. आणि मुळात तो बेचाळीस फूट लांब होता! उरलेला आठ फूट गेला कुठं तर ज्या मेजर आर्मिस्टेडकडे किल्ला होता त्याच्या घरच्यांकडे झेंडा राहिला आणि लोक मागायला यायचे, सैनिक, त्यांच्या बायका, ओळखीपाळखीचे, मग त्यांनी प्रसाद वाटावा तसे तुकडे कापून वाटले. पंधरा ताऱ्यांतला एक ताराही असाच गेलाय, तिथं नुसतं भोक. आई शिवणकाम करते त्यामुळे ती काचेला नाक लावून उभी. तिनेच दाखवलं की एका पट्ट्यावर लाल कापडाचं उलट्या व्हीसारखं काहीतरी शिवलंय. मेजरच्या बायकोने आडनावातला ए शिवायला घेतला आणि आडवी रेघ राहूनच गेली असं सांगतात. मूळ झेंडा शिवला मेरी पिकर्सगिलने १८१३ मध्ये, मुलगी आणि भाच्या-पुतण्या हाताशी घेऊन, शिवाय ग्रेस विशर नावाची तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, जी ठरावीक वर्षं राबायच्या करारावर बांधलेली होती. घरात मावेना म्हणून एका ब्रूअरीच्या जमिनीवर पसरून शिवला. मजुरीसकट बिल ४०५ डॉलर ९० सेंट. बाबा बँकेतले, त्यांना हा नव्वद सेंटचा हिशोब फार आवडला, दिवसभर तेच.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. त्या रात्री पाऊस होता, त्यामुळे तोफा चालू असताना बहुधा लहान, पावसातला झेंडा वर होता, हा मोठा सकाळी चढवला. म्हणजे गोळ्यांनी फाटलाय असं कोणी रील करून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, कात्रीने जास्त फाटलाय.

बाकी भराभर. लिंकनची उंच टोपी, ज्या रात्री गोळी लागली त्या रात्रीची, त्यावर काळी पट्टी आहे ती मुलाच्या सुतकाची. जेफरसनने ज्यावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला ती पेटी, पोथी वाचायला मांडीवर घेतो तेवढीच. फर्स्ट लेडींचे गाऊन, तिथं गर्दी इतकी की आईलासुद्धा कंटाळा आला, वगळा. जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा मात्र चुकवू नका, ग्रीनो नावाच्या शिल्पकाराने १८४० मध्ये पूर्ण केलेला, राष्ट्राध्यक्ष कमरेच्या वर उघडा आणि खाली पंचा गुंडाळलेला, नुकताच आंघोळ करून पूजेला बसतोय असा. कॅपिटलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, ठेवला तेव्हा लोक इतके हसले की दोन वर्षांत बाहेर अंगणात काढावा लागला.

आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावचा लंच काउंटर. १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात खायच्या काउंटरवर बसले, तिथं फक्त गोऱ्यांना वाढायचे, यांना वाढलं नाही, हे उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी अजून आले. जुलैअखेर दुकानाने नमतं घेतलं. आता त्याचा एक तुकडा इथं आहे, चार स्टुलं, स्टीलचा दांडा, गुलाबी आणि निळसर रेक्झिनच्या सीटा, अगदी आपल्या जुन्या इराण्याकडे शोभतील अशा. बसता येत नाही, समोर उभं राहायचं. बाबा, ज्यांचा गुडघा सकाळपासून ठणकत होता, ते तिथं पंधरा मिनिटं उभे राहिले, मी खुर्ची शोधून आणली तर नको म्हणाले.

फुटकळ: पाण्याची बाटली आत नेता आली, गॅलरीत खाऊ देत नाहीत, आम्ही पोळी-भाजीचा डबा बाहेर लॉनवर झाडाखाली खाल्ला आणि पूर्ण ट्रिपमधलं हेच एक जेवण पैसावसूल होतं. आतल्या कॅफेचे भाव बघून परत फिरलो. दोन्ही म्युझियम फक्त २५ डिसेंबरला बंद असतात, पण सरकारी शटडाऊन, म्हणजे बजेट अडकून सरकारचं कामकाज थांबणं, चालू असेल तर तेव्हाही बंद पडू शकतात, निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा. एका दिवसात दोन्ही करू नका, पोर्ट्रेट गॅलरी संध्याकाळी सातपर्यंत असते, दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत जा. आमचा दुसरा दिवस नदीत बोटीत गेला, मजा आली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परताव्यासाठी साइटला चार मेल केले. नवरा म्हणतो सोड आता. आज सकाळी उत्तर आलं, पैसे मिळणार नाहीत, पण पुढच्या टूरवर दहा टक्के सूट.