उणे एकची बाकी

सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर बसणारं मीटर आम्ही बाणेरच्या ऑफिसात बनवत होतो. पायथनमधला नमुना वर्षभर बिनतक्रार चालला होता. आता तोच कोड सी भाषेत उतरवून एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे मीटरमधल्या चिपवर, घालायचा होता. भाषांतर साधन करणार होतं, पण त्याआधी मूळ कोड गणिताने सिद्ध करून घ्यायचा, असा हट्ट मी धरला. टेस्ट म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. मला अख्ख्या भाताची खात्री हवी होती.

दिवसभराच्या २४ नोंदी २४ कप्प्यांत गोल फिरत राहतात. 'इतक्या तासांपूर्वीची नोंद' हवी असेल, तर चालू कप्प्याच्या क्रमांकातून तास वजा करायचे, २४ने भागायचं आणि बाकी घ्यायची. मी अट लिहिली: उत्तर कायम ० ते २३. ती मोडणारं उदाहरण शोधायला झेड-थ्री सॉल्व्हरला, म्हणजे अशा अटी गणिताने तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं. क्षणात 'अनसॅट', म्हणजे असं उदाहरणच नाही. मी खूश.

हार्डवेअरचे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, चहा घेऊन मागे उभे होते. "अगं, बाकी कोणाची धरलीस? पायथनची की सीची?"

माझा हात थांबला. उणे १ला २४ने भागलं की पायथन बाकी २३ देतो. झेड-थ्रीचीही बाकी ऋण नसते, शाळेत शिकलो तशीच. सीमध्ये मात्र १९९९च्या मानकापासून भागाकार शून्याकडे कापला जातो, म्हणून बाकी उणे १. मग तो कोड उणे एकव्या कप्प्यात हात घालतो, आणि सी हूं की चूं करत नाही. मेमरीत आधी जे पडलं असेल तेच वाचून देतो. पायथनच्या हजार टेस्ट लिहिल्या असत्या तरी हे दिसलं नसतं.

सीचा नियम वेगळा लिहून पुन्हा विचारलं. 'सॅट', म्हणजे अट मोडणारं उदाहरण सापडलं: चालू कप्पा ०, मागे १ तास. तोच कोड साधनाने सीमध्ये उतरवून काकांनी टेबलावरच्या चिपवर चढवला, तर कुठल्याही टाकीत मावणार नाही असा आकडा आला.

वजाबाकीआधी २४ मिळवले. कप्पा आणि तास दोन्ही ० ते २३ असावेत, ही पूर्वअट घातली. आता दोन्ही नियमांनी सिद्ध झालं.

मग मी बेरजेकडेही संशयाने पाहिलं. कोडात बेरजेचा प्रकार 'इंट', म्हणजे पूर्णांक, असा लिहिलेला, आणि असे प्रकार तपासणारं मायपाय हे साधन समाधानी. पण पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, आणि या चिपवर 'इंट' १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. तासाला जास्तीत जास्त २,००० लिटर धरले, तर सतराव्या नोंदीलाच मर्यादा ओलांडते, दिवसाअखेर ४८,०००. बेरीज ३२ बिटांत नेली. नोंदी एकेक करून मिळवणाऱ्या लूपसाठी अट दिली: कितीही नोंदी झाल्या तरी बेरीज नोंदींच्या २,००० पटीहून जास्त नाही. तीही टिकली.

संध्याकाळी नवा कोड चढवून काकांनी कप्पा ० वरून एक तास मागचं विचारलं. पडद्यावर २३व्या कप्प्यातली नोंद आली.