गळका रेडिएटर आणि शेवटचे १४० किलोमीटर

घाट लागायला तासभर होता, तेव्हा केबिनमध्ये गोडसर वास भरला. तापमानाचा काटा जागच्या जागी होता, म्हणून मी आणखी दहा किलोमीटर गाडी दामटली. ती चूक होती. गरम कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याचा वास आला की काट्याकडे न बघता गाडी बाजूला घ्या.

ट्रक जुना, डिझेल, मागे पूर्ण भार, आणि मुक्काम १४० किलोमीटर दूर. धाकटा भाऊ सोबत होता. तो खाली वाकला आणि म्हणाला, "दादा, क्रॉसमेंबरवरून ठिबकतंय," म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीवरून. पण थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. पंख्याच्या वाऱ्याने पाणी मागे उडतं आणि भलत्याच ठिकाणाहून टपकतं. म्हणून आम्ही सगळं कोरड्या फडक्याने पुसलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं आणि एकेक जागा पाहत गेलो: होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, पाणी सोडायचा तळाचा कॉक. सगळं कोरडं. रेडिएटरच्या वरच्या टाकीला जाळी जोडली आहे त्या कोपऱ्यात मात्र हिरवट-पांढरा थर धरला होता. असा थर दिसला की पाझर बऱ्याच दिवसांचा आहे हे समजावं.

रेडिएटरच्या टोपणाला लगेच हात लावला नाही. पाऊण तास थांबलो आणि वरचा होज दाबून पाहिला. होज कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ पडल्यावर जाड फडकं ठेवून टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, आणि फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्या कोपऱ्यातली चीर नखाएवढीही नव्हती. अशा चिरेतून लिटरभर पाणी जातं ते दाबामुळे. आमच्या टोपणावर ०.७ बार असा आकडा आहे. तेवढ्या दाबाखाली नुसतं पाणीही साधारण ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण सैल ठेवलं की गळती कमी होते, पण पाणी १०० अंशांनाच उकळतं. वर चढत गेलं की दर ३०० मीटरला आणखी सुमारे एक अंश कमी होतो. ९०० मीटरच्या खिंडीत उरतात ९७. म्हणजे सपाटीला आणि उतारावर टोपण पहिल्या खाचेवर ठेवून निभतं, चढावर ते घट्टच हवं, आणि मग गळतीही सोसावी लागते.

कॉक उघडून दोन-तीन लिटर कूलंट कॅनमध्ये काढलं, तेव्हा पातळी चिरेखाली गेली. जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, पूर्ण वाळवली आणि इपॉक्सी पुट्टी दाबून बसवली. ओल्या किंवा तेलकट धातूवर पुट्टी धरत नाही. इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. ती कडक व्हायला वेळ दिला आणि रात्र तिथेच काढली. काढलेलं कूलंट जमिनीवर ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पहाटेच्या गारव्यात घाट चढलो. एक गिअर खाली, म्हणजे इंजिनवर ताण कमी आणि पंखा-पंप जोरात. केबिनचा हीटर पूर्ण चालू. तोही एक छोटा रेडिएटरच आहे, घामाघूम झालो तरी बंद केला नाही. दर १५ किलोमीटरला थांबून पाणी पाहत होतो. निम्म्या चढावर काटा अचानक खाली आला. भाऊ खूश झाला, मला मात्र धस्स झालं. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि काटा खोटं बोलतो. लगेच थांबलो. गार झाल्यावर टोपण उघडलं तर तीन लिटर पाणी कमी. पुट्टीच्या कडेने पाझर सुरू झाला होता. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. सोबत २० लिटरचे दोन कॅन होते, म्हणून निभावलं. याहून कमी पाणी घेऊन असा प्रवास करू नका.

गळती बंद करणारी पावडर मी टाकली नाही. ती चिरेबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर दुखणं हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं, असू शकतं. तशी गाडी पुढे नेऊ नका, ओढून न्या.

पोचल्यावर रेडिएटर उतरवला. तांब्या-पितळेचा असल्याने डाख बसला. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला तो बसत नाही. खरं कारण मात्र खाली सापडलं: रेडिएटर ज्यावर बसतो तो डाव्या बाजूचा रबरी बुश झिजून गेला होता. खड्ड्यात चेसिसला पीळ बसला की तो थेट टाकीच्या सांध्यावर येत होता. बुश न बदलता नुसता डाख दिला असता तर सांधा पुन्हा उकलला असता. जुना ट्रक असेल तर निघण्यापूर्वी हे बुश हाताने हलवून पाहा.

भरताना टोपण उघडं आणि हीटर चालू ठेवून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवलं. आतली हवा निघाली तशी पातळी खाली गेली, पुन्हा भरली. दुसऱ्या सकाळी बोटभर कमी दिसली, तेवढी घातली. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर पाहतो आहे, पातळी हललेली नाही.