सेंटर बॅकचा ईसीजी

फुटबॉलची ट्रान्स्फर विंडो, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू घ्यायची मुदत, त्या रात्री बंद होणार होती आणि सकाळीच माझ्या टेबलावर दोन बचावपटूंच्या फायली येऊन पडल्या होत्या. एक जण दुसऱ्या क्लबशी करारबद्ध होता, त्याच्यासाठी रक्कम मोजावी लागणार होती. दुसरा पश्चिम आफ्रिकेतला सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा बचावपटू, तिशीला टेकलेला, जूनअखेरीस करार संपून मोकळा झालेला. प्रशिक्षकांना हा दुसराच हवा होता. मी क्लबचा डॉक्टर. हा तंदुरुस्त असेल तर पहिल्याला नकार कळवायचा, असं ठरलं होतं.

करार वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही, असं फिफाचं कलम आहे. सही झाली की झाली, मग गुडघा निकामी निघाला तरी पगार चालू. त्यामुळे सगळी धावपळ सहीच्या आधीच्या काही तासांत कोंबली जाते. रक्त, लघवी, ईसीजी, हृदयाचा इको, गुडघ्या-घोट्यांचा एमआरआय, मांडीच्या स्नायूंची ताकद मोजणारं यंत्र. दातसुद्धा. २००९ साली पोर्तो क्लबचा लेफ्ट बॅक अली सिसोको मिलान क्लबात जाता जाता दातांवरून अडला. आमच्या धंद्यात हा किस्सा अजून हसत हसत सांगतात. त्याला स्वतःला तेव्हा कितपत हसू आलं असेल, कोण जाणे.

आमचा पाहुणा यंत्रांना सरावलेला होता. सांगायच्या आधीच शर्ट काढून झोपला. दोन्ही भुवयांवर टाक्यांच्या खुणा. हवेतल्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्या असतातच. डाव्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, शस्त्रक्रियेने कापलेला. सेंटर बॅकचा गुडघा झिजतो तो वळण्याने. पाठमोरं सरकत असताना चेंडू डोक्यावरून गेला की एका पायावर गर्रकन फिरून स्वतःच्या गोलकडे पळायचं, हे सामन्यात कितीदा तरी करावं लागतं. प्रत्येक दुखापत त्याला देशासकट पाठ होती. अठरा पूर्ण झाल्यावर तो घराबाहेर पडला. त्याआधी परदेशी क्लबकडे नोंदणी करायला फिफा काही अपवाद सोडले तर परवानगीच देत नाही. एका क्लबने पगार थकवला. दोन महिन्यांचा पगार थकला की पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडता येतो, हे त्याला कुठल्या वकिलाने नाही, संघातल्या गोलकीपरने शिकवलं होतं.

ईसीजीचा कागद बाहेर आला आणि मी तो दुसऱ्यांदा काढायला सांगितला. तोही तसाच.

टी-लहरी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होतानाच्या लहरी, उलट्या होत्या. आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंमध्ये छातीवर लावलेल्या पहिल्या चार तारांमध्ये, म्हणजे व्ही१ ते व्ही४ या लीड्समध्ये, एका ठरावीक आकाराच्या उलट्या लहरी दिसल्या तर ती सरावाने घडलेल्या हृदयाची खूण मानतात. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तसं स्पष्ट आहे. याच्या लहरी व्ही५ आणि व्ही६ मध्येही उलट्या होत्या, आणि तिथे ही सवलत नाही. हृदयाच्या स्नायूचा आजार भिंत जाड होण्याआधी ईसीजीत दिसू शकतो, म्हणून इको नॉर्मल आला तरी प्रश्न सुटत नाही. हृदयाचा एमआरआय करावाच लागतो. तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मिळणार नव्हता.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, असं मी विचारलं. वडील तो लहान असताना गेले होते. कशाने, ते त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

क्रीडा संचालकांचा फोन दर अर्ध्या तासाने. "डॉक्टर, एका शब्दात सांगा. होय की नाही?"

"आज दोन्ही नाही."

"असं उत्तर मी कुठे लिहू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मध्यरात्रीनंतर त्यांना पहिला खेळाडू विकत घेता येणार नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढे दोन बचावपटू होते: ऑगस्ट २००७ मध्ये सामन्यात कोसळलेला सेव्हियाचा अंतोनियो पुएर्ता आणि मार्च २०१८ मध्ये सामन्याआधी हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडलेला फिओरेंतिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी.

तो बाहेरच्या बाकावर बसून होता. मी शेजारी बसलो. काही निघालं तर खेळणं संपलं का, असं त्याने विचारलं. काय निघतं त्यावर आणि कुठल्या देशात निघतं त्यावरही, असं मी सांगितलं. नेदरलँड्सचा डेली ब्लिंड हासुद्धा बचावपटूच. २०१९च्या डिसेंबरमध्ये त्याच्या हृदयात दाह सापडला, छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे बिघडलेला ठोका झटका देऊन सावरणारं यंत्र, बसला, आणि तो आयॅक्स क्लबकडून पुन्हा उतरला, नंतर जर्मनीत आणि स्पेनमध्येही खेळला. तसंच यंत्र बसवलेल्या डेन्मार्कच्या ख्रिस्तियन एरिक्सनला इटलीत खेळता येईना, म्हणून तिथला इंटर क्लब सोडून २०२२च्या जानेवारीत तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्ड क्लबला गेला.

"म्हणजे याचाही व्हिसा लागतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

संध्याकाळी क्लबने पहिल्या खेळाडूचे पैसे मोजले. त्याची तपासणी माझ्या सहकाऱ्याने दुपारीच उरकून ठेवली होती. याला ते एजंटने कळवलं. मी कळवायला हवं होतं असं काही जण म्हणाले, मला तसं वाटत नाही. माझं काम हृदयापुरतं होतं आणि ते अजून अर्धवट होतं.

एमआरआय मी क्लबच्या खर्चाने करून घेतला. संचालकांनी कुरकुर केली, पण सही केली. स्नायूत व्रण नाही, भिंतींची जाडी मर्यादेत. पुढे ट्रेडमिल आणि होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचा ईसीजी, हेही स्वच्छ. तरी दरवर्षी तपासणी, असं मी अहवालात ठळक लिहिलं, कारण ईसीजी बिघडलेला आणि बाकी सारं ठीक, अशा खेळाडूंवर लक्ष ठेवावंच लागतं.

मोकळं असणं त्याच्या कामी आलं. विंडो बंद होण्याआधीच ज्याचा करार संपला आहे, त्याची नोंदणी विंडोनंतरही करायला फिफाची मुभा आहे. काही आठवड्यांत तो आणखी एका देशात होता. तिथल्या डॉक्टरांचा मला फोन आला. हृदयाचे सगळे कागद मी उघडून तयार ठेवले होते. ते त्यांनी आधीच वाचले होते. त्यांना विचारायचं होतं ते डाव्या गुडघ्याबद्दल.