बॉक्स हिलवर खूश होऊ नका, व्हाइट डाउन अजून बाकी आहे

लंडनच्या दक्षिणेला सरे हिल्समध्ये सायकल क्लबच्या रविवारच्या राईडला जाणार असाल, तर मार्गपत्रकावरच्या "सोपे चढउतार, मध्यम वेग" या शब्दांवर काडीचाही विश्वास ठेवू नका. अंतर सुमारे ९० किलोमीटर, एकूण चढ हजार मीटरच्या आसपास. पुण्याहून आलेला माणूस हा आकडा वाचून हसतो. कात्रज, बोपदेव, खंबाटकी पायांखालून गेलेले असतात आणि इथला सगळ्यात उंच डोंगर, लीथ हिल, २९४ मीटरचा. घात इथेच होतो.

आपले घाटरस्ते बैलगाड्या आणि ट्रक चढावेत म्हणून वळणं घालत, उतार राखत काढलेले असतात. सरेमधल्या गल्ल्या कुणी आखलेल्याच नाहीत. शेतातून गावाकडे जाणारी जुनी वाट, तिच्यावर डांबर ओतलं, झाला रस्ता. ती डोंगराला भिडते आणि जवळजवळ सरळ वर जाते. चढ दीड किलोमीटरचा असतो, पण त्यात १८ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला अठरा मीटर वर नेणारा, तुकडा असतो. एकूण चढाच्या आकड्यात हा तुकडा दिसत नाही.

मार्ग असा: किंग्स्टन, ईशर, लेदरहेड, मिकलहॅम, बॉक्स हिल, पेबल हिलने खाली बेचवर्थ, ब्रॉकहॅम, डॉर्किंग, कोल्डहार्बर, अबिंजर कॉमन, अबिंजर हॅमर, व्हाइट डाउनचा खडा चढ, ईस्ट हॉर्सली, कोबम आणि परत. लेदरहेडपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथून पुढे ए-२४ या हमरस्त्यावर राहू नका, मिकलहॅम गावातून जाणारा ओल्ड लंडन रोड धरा. रविवारी त्या पट्ट्यात मोटारसायकलवाल्यांची जत्रा असते.

बॉक्स हिलचा झिगझॅग रोड म्हणजे अडीच किलोमीटर, सरासरी ५ टक्के. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी याच्या नऊ फेऱ्या मारल्या, बायकांनी दोन. त्या निमित्ताने रस्ता गुळगुळीत केला गेला. चढ एकसारखा, वळणं रुंद, अगदी आपल्या घाटासारखा. ७५ किलोचा माणूस आणि सामानासकट १० किलोची सायकल धरली, तर ताशी १२ किलोमीटरने चढायला पायांची साधारण १६० वॉट ताकद पुरते. इथे गटात सगळ्यांना जोर चढतो, कुणीतरी सुसाट सुटतो, बाकीचे मागे लागतात. नका लागू. हे पाय पुढे लागणार आहेत.

माथ्यावर कॅफे आहे, रांग मोठी असते. तिथे नाही, पण वाटेवरच्या एका टपरीवजा कॅफेत बाटली भरून द्यायला साफ नकार मिळाला आणि त्याच काउंटरवर अर्धा लिटर पाणी दोन पौंडांच्या वर विकायला ठेवलेलं होतं. उघड लूट. यावर उपाय आहे. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकाला मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, परवान्याची अटच तशी आहे. म्हणून बाटल्या पबमध्ये भरा, एक कॉफी घ्या आणि दोन्ही बाटल्या पुढे करा. ज्या कॅफेकडे परवाना नाही, त्याच्यावर ही सक्ती नाही, तिथे वाद घालून उपयोग नाही. उन्हाळ्यात ७५० मिलीच्या दोन बाटल्या हव्यातच. आणि कार्ड जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत.

पेबल हिलचा उतार तीव्र आहे, वळण आंधळं आहे आणि वाहनं भरपूर. ब्रेक पॅड आदल्या रात्री तपासा. बेचवर्थ-ब्रॉकहॅम सपाट आणि सुंदर, पुढे चला.

डॉर्किंगहून कोल्डहार्बरचा चढ लांब आहे, पण माणसात आहे. इथून रस्त्याचा पोत बदलतो तो लक्षात घ्या. डॉर्किंगच्या उत्तरेचे डोंगर खडूचे, दक्षिणेचे वालुकाश्माचे. वालुकाश्माच्या बाजूला शतकानुशतकांच्या गाड्यांनी आणि पावसाने रस्ते जमिनीत खोल गेले आहेत, दोन्हीकडे मातीच्या भिंती आणि वर झाडांचं छत. पाऊस पडला की भिंतीतली वाळू वाहून नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला साचते. उन्हातून सावलीत शिरल्यावर ती क्षणभर दिसत नाही. काळा गॉगल असेल तर अजिबातच दिसत नाही, फिकट काच लावा. लीथ हिलवरचा मनोरा रिचर्ड हल नावाच्या गृहस्थाने १७६५ च्या सुमारास बांधला आणि मेल्यावर स्वतःला त्याच्याखालीच पुरायला लावलं. मनोऱ्यापर्यंत पायवाट आहे, सायकलच्या क्लीटवाल्या (तळव्याला पेडलमध्ये अडकणारी खाच असलेल्या) बुटांनी जाण्यात अर्थ नाही.

आता व्हाइट डाउन. अबिंजर हॅमरजवळ ए-२५ सोडून उत्तरेला वळलात की सुरुवातीला वाटतं, हा कसला चढ. रेल्वेचा पूल ओलांडला की रस्ता झाडीत शिरतो आणि उभा राहतो. पायांत तोवर जवळजवळ साठ किलोमीटर असतात. आकडे बघा. वरच्याच वजनाला १८ टक्क्यांवर ताशी फक्त ६ किलोमीटर राखायला अडीचशे वॉट लागतात. पुढे पेडलपाशी ३४ दातांची चेनरिंग (चेनचं चक्र) आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २५ दातांचं असेल, तर त्या वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम ३४-३५ फेरे होतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर उभं राहणं. मागे ३४ दात असतील तर तेच फेरे ४७ होतात, आणि चढ निघतो. गटात ज्यांनी उतरून सायकल ढकलली, त्यांच्यापैकी कुणाचीच ताकद कमी नव्हती, कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा संच, चुकीची होती. सायकल भाड्याने घेत असाल तर दुकानदाराला "हलका गिअर आहे ना" असं मोघम विचारू नका. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजून सांगायला लावा, ३२ पेक्षा कमी असतील तर नको म्हणा. पेडलचे वेगळे पैसे लावतात का, तेही आधीच विचारा.

चढताना बसून राहा. झाडीतला रस्ता उन्हाळ्यातही ओलसर असतो, उभं राहिलात की मागचं चाक फिरकतं. पुढचं चाक उचलायला लागलं तर कोपर वाकवून छाती हँडलकडे न्या. गिअर तीव्र तुकड्याच्या आधी बदला. ताणलेल्या चेनवर जबरदस्तीने बदलायला गेलात तर चेन उतरते, आणि १८ टक्क्यांवर क्लीट परत अडकवता येत नाही. दोन सायकलींमध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवा, पुढचा थांबला तर मागच्याला वळायला जागा हवी. समोरून गाडी आली तर ती तुम्हाला जागा देईल असं धरून चालू नका, रस्ता एकाच गाडीचा आहे. आणि हा रस्ता उतरायला मुळीच वापरू नका. नकाशाचं ॲप कधी कधी उलट्या दिशेने नेतं. सरळ नाकारा, रॅनमोरवरून डॉर्किंगला उतरा.

वर पोचल्यावर खरा शत्रू भेटतो, तो म्हणजे चकमकीचा दगड. खडूच्या डोंगरात चकमकीचे गोळे असतात, ते फुटले की काचेसारखी धार येते. पाऊस त्यांचे कपचे रस्त्यावर आणतो आणि ओल्या टायरला ते सहज चिकटतात आणि आत घुसतात. पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलून निघालात तर किलोमीटरभरात दुसरी जाते, कारण कपचा टायरमध्येच असतो. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, बाहेरून उजेडात धरून बघा, पिनेने कपचा काढा. बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर आतून पाच पौंडांची नोट घडी घालून लावा. २०१६ पासून ती प्लास्टिकची आहे, फाटत नाही, घरापर्यंत टिकते. दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि हातपंप प्रत्येकाकडे हवा. नुसत्या गॅसच्या नळकांड्यांवर राहू नका, त्या संपतात. टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७० पीएसआयच्या आसपास. शंभर भरून आलेले दणके खातात आणि कपचेही. ट्यूबलेस असेल तर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) ताजं करा आणि प्लग ठेवा, मोठी चीर सीलंटने बुजत नाही.

उन्हाळ्यातलं आणखी एक संकट म्हणजे रस्त्यांवर डांबर फवारून वर टाकलेली सुटी खडी. ताशी २० मैलांची तात्पुरती पाटी दिसली की ब्रेक आधी लावा, खडीवर नाही. कडेचं गवतही या दिवसांत छातीएवढं वाढलेलं असतं, वळणापलीकडचं काही दिसत नाही.

क्लबच्या पद्धतीबद्दल थोडं. सगळं मैलांत चालतं. "१५ चा गट" म्हणजे ताशी २४ किलोमीटर, आणि ती सरासरी चढांसकट. नवीन असाल तर एक गट खालचा निवडा. "कार अप" आणि "कार डाउन" या हाकांचा अर्थ क्लबागणिक उलटा होतो, कुठली गाडी पुढची आणि कुठली मागची ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. दोघांनी शेजारी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. घोडे दिसले की वेग कमी करा, लांबूनच आवाज द्या आणि उजवीकडून ऐसपैस अंतर ठेवून जा, घंटा वाजवत अंगावर जाऊ नका.

व्हाइट डाउननंतर जीव उरला नसेल तर किंग्स्टनपर्यंत रेटू नका. माथ्यावरून पश्चिमेला क्रॉकनॉर्थ रोड धरा, ग्रीन डीनने उतरून ईस्ट हॉर्सलीत या. हॉर्सली स्टेशनवरून वॉटर्लूची गाडी मिळते. रेडिंगकडे राहणाऱ्यांनी डॉर्किंग डीपडीनवरून गाडी धरावी, पण तिथे फलाटावर जायला फक्त जिने आहेत, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रविवारी रुळांची कामं चालतात, म्हणून शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघा. गाडीऐवजी बस लावली असेल तर ती घडीची सायकल सोडून दुसरी सायकल घेत नाही, आणि त्या दिवशी घरी जायला पायच उरतात.